चौकटी कंसातला प्रश्न

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीने संगणकाची भाषा कशाला शिकावी, असे आईचे म्हणणे पडले. बाबांचे म्हणणे नेहमीप्रमाणे काहीच नव्हते. मी मानपाडा रोडवरच्या एका क्लासात नाव घातले आणि ‘सी शार्प’ शिकू लागले. (पेटीवाल्यांच्या भाषेत ‘काळी एक’. नाव खरोखरच त्या सुराचे आहे.) मायक्रोसॉफ्टने २००० साली ही भाषा जगापुढे आणली, अँडर्स हायल्सबर्ग नावाचे डॅनिश गृहस्थ तिचे मुख्य रचनाकार.

या भाषेत ‘क्लास’ म्हणजे साचा आणि त्यावरून घडवलेली वस्तू म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. वस्तूच्या पोटात जे असते त्याला बाहेरच्याने थेट हात लावायचा नाही, अशी इथली शिस्त. मग विचारायचे कसे? त्यासाठी ‘प्रॉपर्टी’. या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे सातबारा येतो, पण इथे अर्थ गुणधर्माचा. बाहेरून दिसते साधे नाव. वाटते, आत ठेवलेला आकडा उचलून दिला. प्रत्यक्षात त्या नावामागे दोन दारे असू शकतात, ‘गेट’ आणि ‘सेट’. गेट उत्तर देते, पण देण्याआधी आत बराच हिशेब करू शकते. सेट आत येणारी किंमत तपासते. शंभरांपैकी कुणी एकशेवीस गुण भरू लागला तर त्याला दारातून परत पाठवते. सेट लिहिलेच नाही, तर नुसते विचारता येते, बदलता येत नाही.

हे ऐकताना मला आमचे बाबा दिसू लागले. “बाबा, कसे आहात?” “बरा आहे.” लहानपणापासून वाटे, हा शब्द आत तयारच ठेवलेला असावा. पण पगार झाला का, आईची साखर किती, माझी फी भरली का, असा सगळा हिशेब दर वेळी आत होतो आणि बाहेर येतात दोन शब्द. सेट तर नाहीच. “ओव्हरटाइम सोडा” म्हणून पाहा!

दुसरा प्रकार ‘इंडेक्सर’. बापड्याला स्वतःचे नावही नसते. ‘हा’ या अर्थाचा ‘धिस’ आणि पुढे चौकटी कंस. कंसात खूण सांगायची, की त्या खुणेचे तेवढे हाती येते. खूण आकडा असो वा शब्द, नेमकी हवी. मानपाड्याच्या माणसाला हे काय सांगावे! एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रोडवर, दुसरा आमचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. एका कुरियरने बाबांच्या गोळ्या तीन दिवस तिकडे फिरवल्या होत्या. मी मुद्दाम ‘डिक्शनरी’च्या कंसात ‘मानपाडा’ लिहून आधी ठाणे भरले, मग डोंबिवली. दुसऱ्याने पहिल्याला निमूटपणे पुसून टाकले. पिनकोडची खूण घातली तेव्हा दोघे सुखाने नांदू लागले. ठाण्याचा ४०० ने सुरू होतो, आमचा ४२१ ने. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. कला शाखेला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग मी बाबांनाही कंसातून विचारू लागले. नुसते साल. “बाबा, २००५?” २६ जुलैला ते कारखान्याच्या कामासाठी ठाण्याला गेले होते. गाड्या बंद. रुळांवरून चालत निघाले ते दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले. मुंब्र्याला कुणी चहा दिला, त्या कपाचा कान तुटलेला होता, इथपर्यंत सांगितले. तासभर बोलले. आई स्वयंपाकघरातून येऊन उभीच राहिली.

एकदा जेवताना मी २०१६ विचारले. त्या वर्षी २६ मे रोजी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला, माणसे गेली. आमच्या खिडकीची काच फुटली, एवढेच मला आठवते. बाबा तेव्हा जवळच पाळीवर होते. डिक्शनरीत नसलेली खूण विचारली तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो. बाबांच्या आत ती खूण होती. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, “आमटी वाढ.”

मी आमटी वाढली आणि १९९४ विचारले. त्या साली ते गावाहून एक वळकटी घेऊन डोंबिवली स्टेशनावर उतरले होते.