पोहऱ्यातलं पाणी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण युनिट टेस्ट लिहिणारे रोज खोटी पाडतात. आड कोरडा असो की भरलेला, पोहरा बाहेरून भरायचा आणि तो गळतो का, तेवढंच पाहायचं. खऱ्या भागाऐवजी टेस्टमध्ये उभ्या केलेल्या तोतयाचं, म्हणजे मॉकचं, काम हेच, आणि ते रास्तच आहे. अडचण येते ती साखळीत. डिलिव्हरीचा आकार काढणारा क्लास ऑर्डरकडे ग्राहक मागतो, ग्राहकाकडे पत्ता, पत्त्याकडे पिनकोड. मग एक मॉक दुसरा मॉक परत करतो, दुसरा तिसरा. मॉक बनवून देणारं मॉकिटो ही साखळी एका ओळीत उभी करून देतं, पण स्वच्छ कोडला याची गरज क्वचितच पडावी, हे जुन्या कोडसाठी ठेवा, असं त्याच्याच दस्तऐवजात बजावलेलं आहे. तिथेच 1987 मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मांडल्या गेलेल्या डिमीटरच्या नियमाचा हवाला आहे: थेट ओळखीच्यांशीच बोला. म्हणजे त्या क्लासला नुसता पिनकोड द्यावा. यावर कुणी म्हणेल, साखळी फक्त एक घर मागे सरकली, कुणाला तरी ती ओलांडावीच लागणार. खरं आहे. पण ती एकाच जागी राहिली, तर पत्त्याची रचना बदलल्यावर पन्नास टेस्ट मोडत नाहीत. जुन्या कोडचं मात्र वेगळं. टेस्टशिवाय तो बदलता येत नाही आणि बदलल्याशिवाय नीट टेस्ट लिहिता येत नाही. तिथे मॉकची साखळी मला मान्य आहे.

तरी ती म्हण सुटत नाही, कारण वसईत आडाचं गणित आडापुरतं कधीच नव्हतं. इथल्या वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे छोट्या तळ्यांवर, पोसल्या. 1980 च्या दशकात टँकरवाल्यांचा उपसा वाढला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखालच्या हरित वसईच्या आंदोलनाने त्याला विरोध केला. किनाऱ्याजवळ गोडं पाणी बेसुमार उपसलं की जमिनीखालून खारं पाणी आत सरकतं. शेजारच्या पंपाने आपली विहीर खारावते, आपला दोर, पोहरा, रहाट सगळं धड असताना. हा संबंध कुठल्याच सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो. कोडमध्येही दोन क्लास एकाच कॅशेवर किंवा एकाच तक्त्यावर जगत असतात, आणि मॉक लावला की नेमकं तेच नातं टेस्टमधून गळून पडतं. मग खरा डेटाबेस जोडून तपासावं, तर टेस्ट मंदावते आणि दोष कुठल्या थरात आहे, ते लवकर सापडत नाही. दोन्ही प्रकारच्या टेस्ट ठेवाव्यात हे उत्तर तयारच आहे, पण कुठली नाती खरी ठेवायची, हे ठरवायला ती आधी दिसायला हवीत. आणि नुसता पिनकोड द्या म्हणताना मी साखळी तोडतो आहे की नजरेआड करतो आहे, हे मला आता नक्की सांगता येत नाही.