दोर तुटला की कापला?

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की चंद्रपुरात, जटपुरा गेटच्या आत, माझ्या दोन खोल्यांच्या घरी पाच जण जमतात. दिवाण भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची आणि मधे पितळी परात ठेवायची. फासे परातीत टाकले की घरभर पळत नाहीत. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंना आवाजावरून कळतं की सरांकडे आज पुन्हा ‘ते’ सुरू झालं. ‘ते’ म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं, मी उरलेलं सगळं जग व्हायचं. ते काय करतात ते त्यांनी सांगायचं, त्याचं काय होतं ते मी सांगायचं आणि जिथे पुढचं कुणालाच ठाऊक नाही तिथे फाशाला विचारायचं.

“मग जिंकतं कोण?” काकू म्हणाल्या.

“कोणीच नाही.”

“मग खेळता काहून?”

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. पण खेळायला जी गोष्ट लागते ती कुठून आणायची, या प्रश्नाचं उत्तर मला चुकतमाकत मिळालं.

अशा लांब चालणाऱ्या गोष्टीला आम्ही ‘मोहीम’ म्हणतो. शब्द लढाईचा आहे आणि तो बरोबर बसतो, कारण हा खेळ लढाईच्याच पोटचा. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून युद्ध खेळायची पद्धत रूढ केली. भांडणं मिटवायला मधे एक पंच बसवला. दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी त्याच घराण्यातल्या खेळात चेटूक आणि राक्षस आणले. त्यातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ झाला आणि पंच गोष्ट सांगू लागला. १९८१ मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’नं भीती मोजायची सोय केली. विपरीत काही दिसलं की पात्राच्या शुद्धीचे गुण कमी होत जातात. त्यामुळे युद्ध आणि अघोरी विद्या यांची सांगड घालायची म्हटली की माल तयारच असतो. दुसरं महायुद्ध, बर्फातला किल्ला, काळ्या गणवेशातला अधिकारी आणि कुणीतरी उघडू नये ती पोथी.

मी पहिल्या खेपेला हाच माल उचलला आणि त्याला आपल्याकडचे कपडे चढवले. बर्फाच्या जागी साग आणि ऐन, किल्ल्याच्या जागी माणिकगड, पोथीच्या जागी भानामती. शेवटी खलनायिका हवी म्हणून गावाबाहेर एकटी राहणारी एक म्हातारी बसवली. तिसऱ्या शनिवारी पाचही जणांनी तिची झोपडी घेरली. चौघांनी फासे टाकले. पाचवीनं टाकलेच नाहीत. आमच्यातली ही एकटीच नर्स. एटापल्लीकडच्या एका उपकेंद्रात तिनं तीन वर्षं काढली आहेत. आम्ही तिला सिस्टरच म्हणतो. ती म्हणाली, “सर, हिच्यासारख्या एकीच्या डोक्याला मी टाके घातले आहेत. खेळात तरी तिला सोडलं असतं.”

फुटाण्यांची वाटी तशीच राहिली. त्या रात्री खेळ तिथेच थांबला.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना बांधून मारल्याच्या, कधी जाळल्याच्या बातम्या आजही येतात. २०१३ साली राज्यात त्याविरुद्ध कायदा झाला तो उगाच नाही. बाहेरच्या देशात चेटकीण ही गोष्टीतली बाई असेल. इथे तो एखाद्या जिवंत बाईवर ठेवलेला आरोप असतो. मी खेळाच्या नावाखाली पाच शहाण्या माणसांकडून तोच आरोप खरा करून घेत होतो. युद्धाचंही तसंच. गडचिरोलीत बंदुकीचा आवाज ऐकून वाढलेल्या दोन पिढ्या आहेत. माझ्या सतरंजीवर बसणाऱ्यांपैकी एकाचा मामेभाऊ पोलिसात आहे, दुसऱ्याच्या आजोळी रात्री दार ठोठावलं की आधी दिवा मालवतात. तेव्हा मी वहीच्या पहिल्या पानावर दोन नियम लिहिले. जादूगारीण कुणालाही ठरवायचं नाही. आणि लढाई आजोबांच्या आजोबांच्या अलीकडे आणायची नाही.

हे दोन नियम पाळायचे तर हातात काय उरतं? उरतं १८५८. आणि तिथे सगळंच होतं.

नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांच्या हाती गेला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके तेव्हा विशीत होते. १२ मार्च १८३३ चा जन्म, शिक्षण रायपूरला. त्यांनी गोंड आणि रोहिले तरुण गोळा करून जंगोम दल उभारलं. मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली, त्यानंतर नांदगाव घोसरीला इंग्रजांच्या फौजेशी गाठ पडली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याच्या तळावर छापा पडला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टननं मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी दिलं.

हे झालं कागदावरचं. तोंडी गोष्ट इथून पुढे सुरू होते. बाबुरावांनी ताडवा खाल्ला होता म्हणे. ताडवा म्हणजे बांबूला क्वचित येणारी एक नवलाची गोष्ट. कुणी म्हणतं फूल, कुणी म्हणतं कोंब. जो खातो त्याच्या अंगात ताडोबादेवाचं बळ येतं. म्हणून फाशीचा दोर तुटला. एकदा नव्हे, तीनदा. चारदा सांगणारेही आहेत. काही जण पुढे चुन्याच्या भट्टीची गोष्ट जोडतात.

पहिल्यांदा मला वाटलं, मिळाला आपला अघोरी भाग! ताडवा खाल्ला की अमुक गुण वाढले, दोराविरुद्ध फासा टाका. कोष्टक करायलाही बसलो. पण कोष्टकात घातल्याबरोबर ताडवा मेला, टॉनिकची बाटली झाला. तेव्हा कोष्टक बाजूला ठेवून मी बांबूकडे गेलो.

आमच्याकडचा मानवेल पावसाळ्यात वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, देतो. वास्त्यांची भाजी इथल्या प्रत्येक घरात होते. पण त्याला फूल येतं ते काही दशकांतून एकदा. आलं की टापूतली बेटंच्या बेटं एकदम फुलतात, मणांनी बी गाळतात आणि उभ्या उभ्या वाळून मरतात. बियांवर उंदीर माजतात, बी संपलं की ते शेतात घुसतात. मिझोरामात याला मौताम म्हणतात. १९५९ च्या मौतामानंतर तिथे दुष्काळ पडला, दुष्काळनिवारणासाठी जी संघटना निघाली तिचाच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाला आणि १९६६ मध्ये बंड उभं राहिलं. बांबूचं फूल आणि बंदूक यांचं नातं जोडायला मंत्रतंत्र लागत नाही. मला मोहिमेचं घड्याळ मिळालं. दर शनिवारी खेळ सुरू करताना मी नकाशावर एक बेट पिवळ्या पेन्सिलीनं रंगवतो. याचा अर्थ काय, हे सांगत नाही. तिसऱ्या शनिवारी खेळाडू आपसात कुजबुजू लागतात. घाबरायला एवढं पुरतं.

नकाशाही असाच सापडला. चंद्रपूरचा परकोट गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहच्या काळचा. राजा शिकारीला गेला असता कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला आणि राणीच्या सल्ल्यानं, ससा जिथून धावला त्या वाटेनं कोट बांधला, असं सांगतात. मी तीस वर्षं या कोटाच्या आत राहतो, भाजी आणायला रोज त्याच्या दारातून जातो. पण शहराचा नकाशा एका उलट्या शिकारीनं काढला आहे, हे मोहीम लिहायला बसेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता आमच्या खेळात जो पळतो तो आणि जो पाठलाग करतो तो, यांची कुठल्याही क्षणी अदलाबदल होऊ शकते. हा नियम सशानं दिला.

पात्रंही मग आपोआप मिळाली. बाबुराव कुणालाच व्हायला मिळत नाही. ज्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे त्याच्या हाती फासा देण्यात अर्थ नाही. एक जण चिंचगुडीहून निसटलेला तारवाला होतो. सिरोंच्याकडचा एक नावाडी. रोहिला शिपाई. अहेरीच्या वाड्यावरचा कारकून, ज्याच्या हातून बाबुरावांना पकडून देणारं पत्र लिहून जाणार आहे. या कारकुनाची भूमिका आमच्यातला सगळ्यात बडबड्या मुलगा करतो आणि पत्राच्या रात्री तो तासभर गप्प होता. लक्ष्मीबाईंना नंतर व्यंकटरावांच्या मुलखातली गावं बक्षीस मिळाली, हे इतिहास सांगतो. बाहेर क्रिक्टनची माणसं उभी आणि आत पत्र लिहिलं जात असताना वाड्यात काय झालं असेल, हे त्या मुलाला स्वतः ठरवावं लागलं. कथुलूच्या कुठल्याही राक्षसानं त्याला इतकं हलवलं नसतं.

राहिला ताडवा. त्यासाठी मी दोन कागदांची पद्धत काढली. काही विपरीत घडलं की खेळाडूसमोर दोन चिठ्ठ्या ठेवायच्या. एक सरकारी, एक गावची. सरकारी चिठ्ठीत वेळ, ठिकाण, साक्षीदार, कारण. गावच्या चिठ्ठीत तीच घटना, जशी रात्री शेकोटीजवळ सांगतील तशी. खेळाडूनं एक खिशात ठेवायची, दुसरी परत द्यायची. सरकारी ठेवली तर पुढे साहेबाच्या दारात तुमचा शब्द चालतो, गावची ठेवली तर जंगलात वाट दाखवणारा मिळतो. खरं कोणतं, हे मी सांगत नाही. मला ठाऊकच नसतं. ही पद्धत मोडायचा मोह सूत्रधाराला फार होतो. खेळाडू डोळे मोठे करून बघत असतात आणि ‘हो, देवच होता तो’ एवढं म्हटलं की टाळ्या मिळतात. पण तेवढं म्हटलं की गावची चिठ्ठी कायमची रद्दी होते, कारण मग तीही सरकारी झाली.

गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला मी कारागृहात पिंपळापाशी गेलो. त्या दिवशी अभिवादनाला माणसं येतात. पिवळे झेंडे, हार, गोंडीतली गाणी. गर्दीत माझ्या पुढे एक आजोबा नातवाला सांगत होते, दोर तीनदा तुटला. मागून एक बाई म्हणाल्या, “चारदा, बाबाजी.” आजोबांनी वळून पाहिलं, मान हलवली आणि नातवाला म्हणाले, “चारदा.” वाद नाही, पुरावा नाही. मी खिशातली वही काढली होती, ती परत ठेवली.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही फाशीची रात्र खेळलो. दोर वळणारा माणूस मी मुद्दाम सिस्टरकडे दिला होता. अंबाडीचा दोर, तीन पदरी, पाणी मारून ताणलेला. तिनं विचारलं, पदर नीट पिळले का हे ती ठरवणार की फासा? मी म्हटलं, तुम्ही. ती म्हणाली, “नीटच पिळले. माझ्या हातचं काम आहे.” मग फासा टाकला. पहिला दोर तुटला. दुसरा तिनं स्वतः तपासला, तोही गेला. कारकून झालेला मुलगा ओरडला, “सर, तुटून राहिला का कोणी कापून राहिला?” मी दोन चिठ्ठ्या पुढे केल्या. सिस्टरनं दोन्ही पालथ्या घातल्या. तिसराही तुटला. खालच्या मजल्यावर काकूंचा टीव्ही बंद झालेला होता.

चौथा फासा तिनं जरा जोरात टाकला. तो परातीच्या काठावर आपटला, उसळला आणि दिवाणाखाली गेला. आत अंधार. मुलगा मोबाइलचा उजेड घेऊन वाकला.

“राहू दे,” सिस्टर म्हणाली.

तो थांबला. मीही काही बोललो नाही. पाचही जण थोडा वेळ तसेच बसले. मग कुणीतरी फुटाण्यांची वाटी पुढे ओढली आणि मी म्हटलं, बाहेर उजाडतंय. नावाडी काय करतो?

सकाळी केर काढताना फासा दिवाणाच्या पायाशी सापडला. वरचा आकडा मी पाहिला नाही, असं नाही. पण तोवर झाडू त्याला लागून गेला होता.