धान कापलं, मंडई लागली

2 नोव्हेंबर 2024, शनिवार. पाडवा. ब्रह्मपुरी

पहाटे डफड्यांनी जाग आली. गायगोधनाचा दिवस. गोवारी मंडळी वाजवत वाजवत गावभर फिरतात, गाई रंगवलेल्या, शिंगांना वार्निश. उद्या भाऊबीज, आणि उद्यापासून मंडया. पेटी काढून पुसली. एक सूर दबलेलाच राहत होता. उघडून पाहिलं तर पावसाळ्यातली ओल पट्टीखाली बसलेली. उन्हात ठेवली.

नागपूरचा एक पाहुणा विचारत होता, मंडई म्हणजे भाजीमंडई का? त्याला सांगितलं, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा हा धानाचा पूर्वपट्टा, दिवाळी झाली की प्रत्येक गावाचा एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गावात बाजार भरतो, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकींची बोलणी होतात. दुपारी दंडार किंवा खडी गंमत हे नाचगाण्याचे खेळ, रात्री नाटक. शेजारच्या गावाची तारीख पाहूनच आपली तारीख धरतात, कारण दुकानदार तेच, वादक तेच आणि पाहुणेही बरेचसे तेच.

पाहुण्याला वाटलं, बाजारात गर्दी व्हावी म्हणून गाणंबजावणं ठेवत असतील. उलट आहे. बाजार रोज कुठे ना कुठे असतोच. दंडार ठरते, तेव्हा मंडई ठरते.

3 नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज. नागभीडकडचं एक गाव

पहिली मंडई. बारा वाजता पोहोचलो. मारुतीच्या देवळासमोर जागा दिली होती. जागेवरून दरवर्षी बोलाचाली होते आणि ती आमच्याशी नसते, दुकानदारांची आपसांत असते. जिलेबीवाल्याला आमच्या अगदी लगत बसायचं असतं. ऐकता ऐकता माणूस पाव किलो बांधून घेतो. बांगड्यावाली मात्र दूर जागा मागते. बायका दंडार पाहायला वळल्या की तिच्या दुकानाकडे पाठ होते. शिंगाडेवाले कुठेही बसतात, त्यांचा माल संध्याकाळपर्यंत संपतोच. शिंगाडे इथल्याच मालगुजारी तलावातले.

दंडार खडी होती. पोरं गोलात नाचणारी, दोघं लुगडी नेसून बाईच्या सोंगात. मागे ढोलकी, टाळ, माझी पेटी. गाणारा काळी पाचमध्ये गातो. घरी कोणी इतक्या वर गाणार नाही. पण बाजाराचा गलका खालच्या पट्टीत असतो. माणसांचं बोलणं, जनरेटर, पाळण्याचं कुरकुरणं, सगळं खाली. त्याच्या वरून आवाज काढला तरच तो शेवटच्या दुकानापर्यंत जातो. आता माइक आहे, तरी पट्टी उतरलेली नाही. उतरवून पाहा म्हटलं तर गाणारा म्हणाला, "मास्तर, तसं गायलं तं दंडार वाटनार नाही, भजन वाटंल."

एक म्हातारे बाबा धोतराच्या कनवटीतून दहाची नोट काढून थेट ढोलकीवाल्यासमोर आले. नाव, गाव, रक्कम पुकारली. पुकारण्यासाठीच दिली होती. लेक शेजारच्या गावातून आली होती आणि ती गर्दीत उभी होती. बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

5 नोव्हेंबर, मंगळवार

हलकं, म्हणजे लवकर येणारं धान बांधीतून निघालं, भारी अजून उभं. माझ्या दोन एकरांतलं एचएमटी आठ दिवस तरी कापता येत नाही. (हे वाण आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून निवडून तयार केलं. घड्याळाच्या कंपनीवरून नाव पडलं. अर्धा महाराष्ट्र हा तांदूळ खातो आणि दादाजींचं नाव त्याला ठाऊक नसतं.) वादकांचं पंचांग धानाचं आहे. हलकं कापलं की मंडई, भारी चुरलं की नाटकांचा भर, होळीला सगळं बंद. पुण्या-मुंबईच्या कलावंताला हे सांगितलं तर हसतो. हातात पैसा नसलेल्या गावासमोर त्याने एकदा गाऊन पाहावं.

10 नोव्हेंबर, रविवार. आठवडी बाजार

आज मंडई नव्हती, मतदान जागृतीचं कलापथक होतं. 20 तारखेला विधानसभेचं मतदान. खंजेरी, ढोलक, पेटी, चौघे गाणारे, मागे फलक.

आठवडी बाजारात वाजवणं आणि मंडईत वाजवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मंडईत माणूस पाहायला आलेला असतो, खाली बसतो, तासभर हलत नाही. आठवडी बाजारात त्याच्या हातात पिशवी असते, मिरच्या घ्यायच्या असतात, शेवटची काळीपिवळी गाठायची असते. तो थांबलाच तर दोन कडव्यांपुरता. तिथे कथा लावली की संपलं. धृपद लवकर लवकर परत यायला हवं, म्हणजे मध्येच आलेल्यालाही धागा सापडतो. खंजेरी या कामाला अचूक. हलकी, एका हातात मावते आणि तिचा आवाज कापत जातो. तुकडोजी महाराजांनी खंजेरीवरच अख्खा विदर्भ जागवला, 1942 ला चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांचा वाटा होता हे इथे शाळकरी पोरही सांगतं. आमच्याकडे गावोगाव त्यांची गुरुदेव सेवा मंडळं आहेत. मला ताल त्यांच्यातच बसून आला.

चपलावाल्याने स्वतःचा भोंगा चालू ठेवला होता. "कोनतीबी घ्या शंभर" हे आमच्या समेवर अगदी बरोबर यायचं. ढोलकवाल्याने शेवटी त्याच्याच लयीत ठेका धरला. लोक हसले आणि थांबले. फलकाकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

अशाच एका कामाचं मागच्या वर्षीचं मानधन अजून यायचं आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पुन्हा बोलावणं येईल.

15 नोव्हेंबर, शुक्रवार. कार्तिक पौर्णिमा. वडशाजवळ

वैनगंगा ओलांडून आलो. दुपारी खडी गंमत, दोन शाहीर समोरासमोर. एक कलगीवाला, एक तुरेवाला. कलगीवाले शक्ती मोठी म्हणणार, तुरेवाले शिव मोठा म्हणणार, आणि सवाल-जवाब करत करत दोघे दिवस बुडवणार. डफ आणि तुणतुणं. मी फक्त ऐकत होतो. पेटी या प्रकारात आली तर अडचणच होते, शाहिराला सवालाच्या ओघात पट्टी हलवावी लागते. डफ सैल झाला की बाजूला तणस पेटवून शेकतात, चार मिनिटांत पुन्हा टणत्कार. त्या जाळाभोवती पोरं हात शेकून घेत होती. वडशाच्या थंडीला आता सुरुवात झाली.

रात्री नाटक. नाटकमंडळ्यांची कार्यालयं वडशात आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तिकिटं गाव विकतं. मंडप, पडदे, दिवे, आवाज सगळं कंपनी घेऊन येते. दिवसभर ऑटोवर भोंगा फिरतो. वादक रंगमंचासमोर खाली बसतात, म्हणजे नट आमच्या डोक्यावर आणि प्रेक्षक पाठीशी. पूर्वी ऑर्गन असायचा, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. मला पेटीवर बसवतात ते नाट्यगीतापुरतं. बाकी वेळ मी शाल गुंडाळून बसतो. दोन वाजता दव पडायला लागतं आणि ढोलकीचं पान उतरतं, ते चढवत राहणं हे त्या बिचाऱ्याचं रात्रभराचं काम.

ध्वनिक्षेपकाचा नियम रात्री दहाला थांबा म्हणतो. आमचा पडदा वर जातो दहानंतर. दरवर्षी आयोजकांची धावपळ, परवानग्या, अर्ज. यंदा त्यात आचारसंहिता. पण नाटक पहाटेपर्यंत चालतं त्यात हौसेइतकीच सोय आहे. दहा-दहा किलोमीटरवरून आलेल्या माणसाने मध्यरात्री घरी जायचं कसं? वाटेत जंगल, जंगलात वाघ, आणि 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले हत्ती. उजाडेपर्यंत मंडपात बसणं हेच शहाणपणाचं.

आमच्यातल्या एका माणसाला 2023 ला पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे. शेती करत करत हजारो प्रयोगांतून लोकांना हसवलं. त्या वर्षी वडशात सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. पद्मश्रीने वादकांचे दर मात्र हलले नाहीत. नट फलकावर, वादक खड्ड्यात. हे मी रागाने लिहीत नाही, पण लिहून ठेवतो.

21 नोव्हेंबर, गुरुवार

मतदान झालं. धान कापून बांधीत पसरलं आहे, पुंजणं रचायचं बाकी. सरकारी खरेदीचा साधारण धानाचा भाव 2300 रुपये क्विंटल. बोटांना कापणीचे चरे पडलेत, पट्ट्यांवर बोट घसरताना झोंबतं. रियाज नाही.

1 डिसेंबर, रविवार. सिंदेवाहीकडून परत येताना

कालच्या गावाने दंडार न ठेवता डीजे आणला होता. पोरं नाचली, तासाभरात पांगली. दुकानदार चारलाच आवरायला लागले. जिलेबीवाला मला ओळखतो. म्हणाला, "मास्तर, उभा राहनारा मानूसच नाही तं जिलेबी कोन घेईल? पुढच्या साली दंडार ठेवा म्हना पाटलाले." त्याचं म्हणणं मी गावच्या मंडळाला कळवलं आहे. माझ्यापेक्षा त्याचं ते जास्त ऐकतील, कारण जागेचे पैसे तोच देतो.

नागपूरच्या पाहुण्याचा फोन आला होता, यायचंय म्हणाला. त्याला कळवलं ते इथेही लिहितो, कोणालाही उपयोगी पडेल. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच्या गाडीने ब्रह्मपुरी किंवा वडशाला उतरावं. स्टेशनाबाहेर पानठेल्यावर विचारलं की आज कुठे नाटक आहे ते लगेच कळतं. जाड शाल आणावी, बसायला चादर आणावी, परतीची गाडी सकाळची धरावी. मोबाइलवर चित्रण करायचं तर खुशाल करावं. पण दहा-दहाच्या नोटा सुट्या आणाव्यात, आणि देताना आपलं नाव-गाव मोठ्याने सांगावं.