धारोष्ण दूध

कोल्हापूर ही कुस्तीची नगरी. तेथील गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. फेसाळलेला पेला तसाच ओठांस लावावयाचा. पाणी घातल्याची शंकाच नको!

कट्ट्याजवळच्या एका घरातील आबा जुने पैलवान. तापातून उठलेल्या नातवास रोज धारोष्ण दूध पाजावयाचे, असे त्यांनी ठरविले. सुनेने मात्र ते दूध पातेल्यात ओतले.

“उकळून त्याचा कस घालवू नकोस,” आबा कडाडले.

“आबा, दुखणेकरी जनावराच्या दुधातून क्षयही येतो,” ती हळूच म्हणाली. “धार समोर काढली, तरी जंतू डोळ्यांना कसे दिसावेत? उकळीने ते मरतात. दुधाचा कस काही फारसा जात नाही.”

आबांनी नातवाच्या हडकुळ्या मनगटाकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दूध तापू लागले, की आबा स्वतः पातेल्यापाशी उभे राहत. एक थेंबही उतू जाऊ देत नसत. साय सगळी नातवाच्या वाटीत पडे. स्वतःचा पेला मात्र ते कट्ट्यावरच रिकामा करून येतात, अशी सुनेस शंका होती. आबांच्या मिशीवरचा फेस तिने दोनदा पाहिला होता.