कोरा रकाना

उत्तर देणाऱ्याची परीक्षा असते, विचारणाऱ्याला काय, असे आपण सहज म्हणून जातो. शाळामास्तराचा तर विचारणे हा धंदाच. पण संगणकातल्या नोंदवहीला प्रश्न विचारायचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याला लवकरच उमगते की येथे परीक्षा विचारणाऱ्याचीच आहे.

आमच्या भंडाऱ्याकडे दाखल-खारीज रजिस्टराला देवघरातल्या पोथीइतका मान. जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी, की माणूस शाळेची पायरी चढतो. जुनी पाने आता संगणकात चढली आहेत. त्यांतून हवे ते काढण्यासाठी यंत्राला जो प्रश्न लिहून द्यावा लागतो, त्याला 'क्वेरी' म्हणतात. माहिती अशी रकान्यांच्या तक्त्यांत मांडावी, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी प्रश्नांची भाषा रचली. तीच आजची 'एसक्यूएल'. भाषा मोठी सुटसुटीत आहे. अमुक वहीतून अमुक निवडा, जेथे अमुक असेल. बस्स! यंत्र विचारलेले तेवढेच ऐकते. मनातले ओळखणे त्याच्या नशिबी नाही.

पहिली अडचण अक्षरांची. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि त्या काळच्या नोंदींत हिंदी वळणाचे लेखन पुष्कळ आढळते. कुणी 'भंडारा' लिहिले, कुणी 'भण्डारा'. आपल्या डोळ्यांना गाव एकच, यंत्राला दोन. एक विचारले तर दुसरे मुकाट्याने दडून राहते आणि पडद्यावर शून्य उमटते. म्हणून 'भ'ने सुरू होणारे आणि 'डारा'ने संपणारे सारे दाखव, असे सैलसर विचारावे, आणि मग डोळ्यांनी निवडावे. जिल्ह्याचेही तसेच. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्याआधीच्या आमगाव-देवरीच्या मुलापुढे जिल्हा भंडाराच लिहिलेला असणार. त्याला गोंदियात शोधणारा रिकाम्या हाताने परतेल. आधी साल पाहावे, मग जिल्हा विचारावा.

दुसरी अडचण दोन वह्या जोडण्याची. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असे वाटते. पण आपल्याकडे एके काळी ज्याची तारीख ठाऊक नाही, तो १ जूनला जन्मलेला! एकाच नावाची, एकाच तारखेची दोन मुले दोन्ही वह्यांत असली, तर जोडणीत दोघांचे चौघे होतात, आणि बेरीज बिनदिक्कत फुगते. उपाय जुनाच आहे: दाखल क्रमांकावर जोडावे, आणि जोडण्याआधी व नंतर ओळी मोजून पाहाव्यात.

परंतु मला खरा चटका लावला तो कोऱ्या रकान्याने.

एकदा एका कार्यालयातून मदतीस पात्र मुलांची यादी आली. अट साधी होती: वडिलांचा व्यवसाय 'नोकरी' नसावा. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे नाव तीत नव्हते. तिला वडील नाहीत. आई धानाच्या रोवणीला जाते. मदत कुणाला द्यावी असे विचारले असते, तर वर्गातल्या पोरांनी तिच्याकडेच बोट दाखवले असते. कुणी दुष्टाव्याने तिला वगळले होते असेही नाही. तिच्या वडिलांच्या व्यवसायाचा रकाना कोरा होता, एवढेच.

यंत्राच्या न्यायात 'होय' आणि 'नाही' यांच्या जोडीला 'माहीत नाही' असे तिसरे उत्तर आहे. कोऱ्या रकान्याला 'नोकरी आहे काय?' विचारा, उत्तर 'माहीत नाही'. 'नोकरी नाही ना?' विचारा, तरी 'माहीत नाही'. आणि यादीत येतो तो 'होय'वालाच. म्हणजे ही पोर आहे-मध्ये नाही आणि नाही-मध्येही नाही! इतकेच काय, एक कोरा रकाना दुसऱ्या कोऱ्या रकान्यासारखा आहे, हेही यंत्र कबूल करीत नाही. त्याला वेगळे विचारावे लागते: 'किंवा रकाना कोरा आहे काय?' त्या कारकुनाला मी हे समजावून सांगितले. भला माणूस; त्याने प्रश्नात तेवढे शब्द जोडले. मुलीचे नाव आले, आणि तिच्यामागून आणखीही काही नावे आली. ती कुणाची, हे सांगायला नको.

काही जण यावर सोपी तोड काढतात. कोऱ्या जागी 'नाही' किंवा शून्य भरून टाकतात. हे मला पटत नाही. उत्पन्न शून्य असणे वेगळे आणि ते कुणी विचारलेलेच नसणे वेगळे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी येऊ लागले आहे. फार चांगले झाले. पण नवा रकाना आला की नवा कोरेपणाही येतो, आणि त्याआधी जन्मलेल्या कित्येकांच्या नोंदींत ती जागा रिकामीच सापडेल.

धान पाखडताना आमच्या बाया सुपाबाहेर पडलेला कोंडा एकदा हाताने चाचपून पाहतात; त्यात एखादा भरला दाणा उडालेला असतो. यंत्राला विचारणाऱ्यानेही वगळलेल्या ओळी एकदा पाहाव्यात, आणि दाराशी आलेल्या माणसाला 'नोंद नाही' असे सांगण्याआधी प्रश्न आणखी दोन परींनी विचारून घ्यावा. त्याला दहा मिनिटे लागतात. परत गेलेल्या माणसाला मात्र पुन्हा यायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.