ऐकू येतं तसं नसतं

स्पीकर घेताना आपण काय काय विचारतो? वॅट किती, ब्रँड कुठला, ब्लूटूथ आहे का, ईएमआयवर मिळेल का. पण तो ज्या खोलीत वाजणार ती खोली कशी आहे, हे काही कुणी विचारत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे. स्पीकर फक्त सुरुवात करून देतो. पुढचं बरंचसं गाणं भिंती, फरशी आणि छत मिळून वाजवतात.

आमच्या घरात यावरून रीतसर भांडणं झाली आहेत. दिवाळीच्या बोनसमधून सबवूफर घ्यायचा, हा नवऱ्याचा हट्ट. ‘अगं, बेस येतच नाही!’ हे तो खोलीच्या मधोमध, खुर्चीत बसून सांगायचा. मी भिंतीला टेकून दिवाणावर, आणि माझ्या छातीत धडधड. ‘अरे, आहे तोच जास्त आहे, आणखी कुठे आणतोस?’ तोच स्पीकर, तेच गाणं, दोघांमध्ये अंतर जेमतेम सहा फूट. आणि दोघांनाही आपापल्या कानांची शंभर टक्के खात्री! हळूहळू विषय बेसचा उरला नाही. ‘तुला कळतच नाही’पर्यंत गाडी पोचली. तेव्हा ठरलं, आता तिसरा कान आणायचा. ज्याची कुणाशीच सोयरीक नाही असा.

तिसरा कान म्हणजे मेजरमेंट माइक. पेन्सिलीसारखा बारीक, पुढे मण्याएवढं तोंड. पहिला प्रश्न, मोबाइल आहे की हातात, मग हा कशाला? तर मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज स्वच्छ जावा म्हणून फोन स्वतःच्या मनाने खालचे सूर कापतो, गोंगाट दाबतो, आवाज कमी-जास्त करतो. गायकाचा माइकही नको. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर आहे, पण तो समोरचं जास्त ऐकतो, मागचं कमी, आणि गळा उठून दिसेल अशी त्याची घडण. मोजायला हवा तो सगळीकडून सारखं ऐकणारा. त्याला ओम्नी म्हणतात.

प्रयोगशाळेत वापरतात तसा माइक घ्यायचा तर लाखांची बात. पण १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक शोधला आणि चांगला माइक स्वस्तात बनायला लागला. त्यामुळे आपलं काम काही हजारांत होतं. यात दोन जाती. बेहरिंगरचा ईसीएम८००० किंवा डेटनचा ईएमएम-६ घेतलात तर सोबत फँटम पॉवर देणारा ऑडिओ इंटरफेस हवा. घरात कुणी गिटार-बिटार रेकॉर्ड करत असेल तर तो असतोच. नसेल तर सरळ यूएसबीवाला घ्या. मिनीडीएसपीचा यूमिक-१ किंवा डेटनचा यूएमएम-६. लॅपटॉपला जोडा, झालं. आम्ही यूमिक घेतला.

आता मुद्द्याची गोष्ट. स्वस्त माइक चुकतो. कुठे एक डेसिबल जास्त दाखवेल, कुठे दोन कमी. पण ती चूक आधीच मोजून ठेवलेली असेल तर? भाजीवालीचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो हे माहीत असेल, तर त्याच काट्यावर हिशेब चोख होतो की नाही? अगदी तसंच. माइकवर सीरियल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की फक्त त्याच माइकची कॅलिब्रेशन फाइल मिळते. साधी टेक्स्ट फाइल. एका रकान्यात फ्रिक्वेन्सी, दुसऱ्यात तिथे हा माइक किती कमी-जास्त दाखवतो ते. सगळ्यांना एकच फाइल देणारा माइक असेल, तर ती मात्र तुमच्या माइकची कुंडली नव्हे.

ही फाइल रूम ईक्यू विझार्डमध्ये, म्हणजे रू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालायची. यूमिकला दोन फाइल्स मिळतात. माइक स्पीकरकडे रोखणार असाल तर शून्य अंशाची, छताकडे उभा धरणार असाल तर नव्वदची. हा फरक वरच्या सुरांत पडतो. बेससाठी कुठलीही चालेल. फाइल नसलेला माइक असेल, तर मित्राचा फाइलवाला माइक आणा. आधी त्याने मोजा, मग त्याच जागी, त्याच उंचीवर, काही न हलवता आपला ठेवा. दोन आलेखांतला फरक हीच आपल्या माइकची फाइल. ९४ डेसिबलचा पक्का सूर देणारं कॅलिब्रेटर नावाचं यंत्रही मिळतं, पण आवाज नेमका किती मोठा हे सिद्ध करायचं नसेल तर त्याची गरज नाही. आपल्याला उंचसखलपणा बघायचाय.

मग रविवारी सकाळी पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या बंद. माइक स्टँडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला. हातात धरायचा नाही, आपलं अंगही आवाज परतवतं. सॉफ्टवेअर खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत एक लांबलचक ‘वूऽऽऽईई’ काढतं. शेजारच्या काकू विचारायला आल्या, ‘मिक्सर बिघडला का गं?’ एकाच जागी तीनदा मोजलं. तिन्ही रेषा एकमेकींवर चपखल बसल्या, तेव्हा विश्वास ठेवला.

आणि निकाल? खुर्चीच्या जागी ४७ हर्ट्झला जवळजवळ पंधरा डेसिबलचा खड्डा. दिवाणाच्या जागी तिथेच डोंगर. कारण गणिताचं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. आमची खोली बारा फूट लांब, म्हणजे ३.६६ मीटर. ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागा, ४७ येतात. हा सूर भिंतींपाशी फुगतो आणि बरोब्बर मध्यावर मरतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ ला वाजते, म्हणजे हा सगळा त्याच्याच शेजारचा मामला. दोघंही खरं बोलत होतो! खोलीच दोघांना वेगवेगळं गाणं ऐकवत होती. माइकची चूक एक-दोन डेसिबलची, खोलीची पंधराची. म्हणून स्वस्त माइक पुरतो.

अशा खड्ड्यात सबवूफर ओतून उपयोग नसतो. जितका आवाज वाढवाल तितका तिथे मरेल. भिंतीला इंचभर फोम चिकटवूनही काही होत नाही, कारण या लहरीची लांबीच सव्वासात मीटर. आम्ही खुर्ची दीड फूट मागे सरकवली, मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. पुन्हा मोजलं. खड्डा बराच भरला. बोनस बँकेत आहे आणि खुर्चीशेजारी आता दुसरी खुर्ची आली आहे.

तेव्हा पुढच्या सेलमध्ये नवा स्पीकर कार्टमध्ये टाकण्याआधी एक करा. बेस भरपूर असलेलं गाणं लावा आणि खोलीभर हळूहळू चाला. दर दोन पावलांवर गाणं बदलत असेल, तर पैसे कुठे घालायचे ते कळेल. माइक कुणाचा उसना मिळाला तर उत्तमच. फक्त फाइल त्याच माइकची आहे ना, तो नंबर एकदा ताडून बघा.