मादी जागा पाहून घेते

गाबोळी म्हटली की आपल्या मंडळींच्या तोंडाला पाणी सुटते. माझी आजी कोळणीकडून मासा घेताना त्याचे पोट अंगठ्याने दाबून पाही, आणि गाबोळी लागली तर फारशी घासाघीस न करता घेई. पण ती अंडी मासळीने कुठे घातली असती, जागा कशी ठरवली असती, हा विचार आमच्या घरात कोणी केला नाही. मला तो सुचला अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेंटन गावी राहायला आल्यावर.

रेंटनमधून सीडर नदी वाहते. पावसाळा संपून आपल्याकडे सण सुरू होतात त्या सुमारास सॉकआय जातीचे साल्मन मासे येथे अंडी घालायला येतात. समुद्रातून आत शिरताना बॅलर्डला त्यांच्यासाठी २१ पायऱ्यांची पाण्याची शिडी केलेली आहे. काचेच्या खिडक्यांतून ते चढताना दिसतात. समुद्रात चांदीसारखा असलेला हा मासा अंडी घालायच्या वेळी लालभडक होतो, डोके तेवढे हिरवे. मेंदीच्या रात्रीची नवरीच म्हणा ना!

आपली नदी त्यांना सापडते ती वासाने. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक आर्थर हॅसलर यांनी १९७० नंतरच्या दशकात साल्मनच्या पिलांना एका रसायनाच्या वासाची सवय लावली. पुढे तोच वास ज्या ओढ्यात सोडला तेथे ते मासे मोठे होऊन आले.

पण वासाने नदी मिळते, जागा मिळत नाही. ती मादी स्वतः पाहून घेते. सुपारीएवढे, लिंबाएवढे खडे आणि त्यांच्यामधून खेळते पाणी, अशी जागा तिला हवी असते. कुशीवर वळून शेपटीचे फटके मारीत ती खड्डा करते, मग पोटाखालचा पर आत सोडून तळ चाचपते. गाळ असला तर अंडी गुदमरतात. जागा पसंत पडली नाही तर ती पुढे जाते. नर या कामात हात लावीत नाही, तो दुसऱ्या नरांशी भांडत असतो. सुमारे तीन हजार अंडी ती एकाच खड्ड्यात न घालता दोन-चार ठिकाणी वाटून घालते, वरच्या अंगाचे खडे उकरून झाकते, आणि मरेपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, राखण करते.

सर्वांत नवल मात्र निराळेच. सीडरचे हे मासे मुख्यतः बाहेरून आणलेले. उत्तरेकडच्या बेकर नदीच्या वाणाची पिले १९३५ पासून या पाण्यात सोडली, त्यांचा हा वंश.

माझी वहिनी ठाण्याहून आली होती, तिला हे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे बेकरला विसरले म्हणायचे."

"वहिनी, यांनी बेकर पाहिलीच कुठे? यांना सीडरचाच वास घरचा."

"आणि खड्डा करायला कोणी शिकवले?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अलीकडे उन्हाळ्यात वाटेतले पाणी फार तापते आणि येणारे मासे पुष्कळ घटले आहेत. आम्ही दोघी पुलावर तासभर उभ्या राहिलो, तेव्हा दोनच माद्या दिसल्या. एक खड्डा अर्धा टाकून पुढे गेली. दुसरी खणत होती.